उलटा सेल

मुलांसाठी घेतलेल्या सगळ्या टॉर्चमधला एकेक सेल मी उलटा घालून ठेवला, आणि ते कोणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

मूर्खपणा एवढाच. बाकी सगळं मी फार विचार करून केलं होतं, आणि आता लाज वाटते ती त्या विचाराचीच जास्त.

आम्ही नवराबायको अलिबागला राहतो. दरवर्षी थंडीत आसपासच्या मुलांना घेऊन दोन-तीन दिवसांची भटकंती काढतो. समुद्र, वाड्या, खेकडे, शिंपले, अंधार पडला की तारे. पालक वर्गणी देतात ती हात आखडून, कारण त्यांच्या मते आम्ही मुलांना नुसतं फिरवतो. हे खरंच आहे, त्यामुळे भांडता येत नाही.

आदल्या वर्षी मुलांना टॉर्च घरूनच आणायला सांगितल्या होत्या. कुणी किल्लीच्या जुडग्यातली आणली, कुणी बापाची शिकाऱ्यासारखी लांबलचक, एकाने तर घरातला इमर्जन्सी दिवाच उचलून आणला. पहिल्याच संध्याकाळी हनुवटीखाली टॉर्च धरून भुतं झाली, एकमेकांच्या नाकात उजेड पाडून तपासण्या झाल्या, आणि दुसऱ्या संध्याकाळी तारे बघायला निघालो तेव्हा एकाही टॉर्चमध्ये जीव नव्हता. अंधारात मुलं धड चालली. खाडीच्या चिखलात बसलो तो मी. म्हणून यंदा ठरवलं, टॉर्च आपणच घ्यायच्या, सगळ्यांना एकसारख्या, आणि परवडतील अशा.

लग्नासाठी मुलगी बघताना केला नसेल इतका विचार मी त्या टॉर्चसाठी केला. भर दुपारी दुकानात टॉर्च पारखायची कशी? दुकानदाराकडे ताडपत्र्यांचा ढीग होता. त्यातली एक डोक्यावर घेऊन मी उकिडवा बसलो आणि आत एकेक टॉर्च लावून बघू लागलो. बाहेरून गिऱ्हाइकांचं हसू ऐकू येत होतं.

"साहेब, पोरांना फिरायला न्यायचंय की शिकारीला?" दुकानदाराने ताडपत्रीचं टोक उचलून विचारलं.

"फिरायला."

"मग ही चार्जिंगची घ्या. समोरच्या डोंगरापर्यंत झोत जातो."

"आणि लाइट नसली तर चार्ज कशावर करू?"

"लाइट काय कायमची जाते का?"

मी ताडपत्रीतून डोकं बाहेर काढून त्याच्याकडे नुसतं बघितलं. वादळाच्या साली याच दुकानाचे पत्रे उडाले होते आणि गडी मेणबत्त्या विकून सावरला होता. त्याने गुपचूप ती टॉर्च खोक्यात घातली.

मग कपाळाला बांधायची पट्टीवाली काढली. ती बांधून मी त्याच्याकडे वळलो, तर तो डोळ्यांवर हात धरून ओरडला, "इकडे नका ना बघू!" माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. मी काही सांगायला तोंड उघडणार आणि सगळी मुलं एकदम माझ्याकडे बघणार. पट्टी सोडली. झोत लांब टाकणाऱ्याही नाकारल्या, कारण मुलं तो झोत पहिल्यांदा शेजारच्याच्या डोळ्यात मारतात. शेवटी निवडली ती साधी नारिंगी प्लास्टिकची. मुलांच्या मुठीत बसणारी, मनगटात अडकवायला दोरी, मऊ उजेड, दोन पेन्सिल सेल, जे कुठल्याही टपरीवर मिळतात. हातातून पडली तर टिकेल का बघायला मी ती काउंटरवरून खाली टाकून बघितली.

"आधी पैसे, मग आपटा," दुकानदार म्हणाला.

टॉर्च टिकली. आजही सांगतो, मुलांच्या सहलीला याहून चांगली स्वस्त टॉर्च मिळायची नाही. निवड चुकली असती तर दुकानदाराला शिव्या तरी देता आल्या असत्या.

घरी आल्यावर मला तरुणपणीची एक युक्ती आठवली. गड चढायला जायचो तेव्हा पाठपिशवीत टॉर्चचं बटण आपोआप दाबलं जाऊन सेल संपायचे. म्हणून आम्ही एक सेल उलटा घालत असू. बटण कितीही दाबा, टॉर्च पेटत नाही. वेळ आली की सेल सुलटा करायचा. मी टीव्हीसमोर बसून सगळ्या टॉर्चना हा बंदोबस्त केला. बायकोने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "तपासतोय." तिला सांगितलं असतं तर तिने मुलांना सांगितलं असतं, मुलांनी लगेच सेल फिरवले असते आणि पुन्हा भुतं. माझा बेत वेगळा होता. समुद्रावर सगळ्यांना गोल बसवायचं, टॉर्च उघडायला लावायच्या, सेल फिरवायला लावायचे आणि एकदम उजेड. त्या क्षणी म्हणायला मी एक वाक्यही पाठ केलं होतं: "उजेड फुकट मिळत नसतो, मुलांनो." आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं.

दिवेआगरला आम्ही दरवेळी एकाच वाडीत उतरतो. काका-काकींचं घर, मागे नारळ-पोफळी, पडवीला लागून पाहुण्यांच्या दोन खोल्या. वादळात त्यांची पोफळ झोपली ती झोपलीच. नवी लावलेली झाडं अजून सुपारी धरायची आहेत, तोवर ते घर काकींच्या चुलीवर, म्हणजे आमच्यासारख्यांच्या जेवणावर चालतं.

"आलं का सर तुमचं माकडांचं गठुडं?" काकींनी दारातच विचारलं. "औंदा चिखलात नका बसू. धुवायला पाणी न्हाय."

टॉर्चचा बेत दुसऱ्या संध्याकाळचा होता, म्हणून त्यांचं खोकं मी पडवीत बाकाखाली ठेवलं. आम्हा दोघांचे मोबाईलही खोलीत पिशवीत टाकले, मुलांपुढे आदर्श म्हणून. आणि जाता जाता काकींना म्हणालो, "काकी, आज ताटं नकोत. मुलांना केळीच्या पानावर वाढूया."

"पानं कोन काढील? तुम्ही?"

"काढतो की आल्यावर."

"तुम्ही केळच आडवी कराल. जावा दर्यावर. मी आनते."

आम्ही समुद्रावर गेलो. सूर्य बुडाला, मुलं शंखशिंपल्यांत रमली आणि मागे गावातली लाइट गेली. आम्हाला तेव्हा ते कळलंही नाही. काका गॅसचा सिलिंडर आणायला बोर्लीला गेले होते आणि घरातली एकमेव धड बॅटरी त्यांच्याबरोबर होती. काकींचा मोबाईल दुपारपासून बंद पडलेला. आमटी उकळली होती, भात झाला होता, पानं राहिली होती. काकींनी बाकाखालून खोकं ओढलं आणि एक टॉर्च दाबून बघितली. पेटली नाही. दुसरी घेतली. मग आणखी दोन. मग खोकं परत सरकवलं आणि चाकू घेऊन अंधारातच केळींकडे निघाल्या. रोजची वाट होती.

आम्ही परत आलो तेव्हा घर काळंमिट्ट होतं. चुलीवरचा वास अंगणापर्यंत येत होता. मागच्या बाजूने काकींचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, नेहमीच्या आवाजापेक्षा हळूच होतं.

"सर, पायाला जनावर लागलं. पोरांना हिकडं आनू नका."

बायकोने मुलांना अंगणातच धरून ठेवलं. मी पडवीत धावलो, खोकं उघडलं, टॉर्च उचलून दाबली. नाही. दुसरी दाबली. नाही. तिसरी तळहातावर आपटली. आणि मी, ज्याने स्वतःच्या हाताने प्रत्येकीत एक सेल उलटा घातला होता, त्या दुकानदाराला आईवरून शिवी दिली. खरंच विसरलो होतो. घाबरलेल्या माणसाला आपली हुशारी आठवत नाही.

माझ्या मागोमाग गटातली एक मुलगी आली होती. तिने माझ्या हातातून टॉर्च घेतली, अंधारातच झाकण फिरवलं, बोटाने चाचपलं.

"सर, एक सेल उलटा आहे," ती म्हणाली. तो फिरवून झाकण लावलं आणि उजेड पडला. रिमोटचे सेल घरात तीच बदलते, असं नंतर तिच्या आईने सांगितलं. म्हणजे मुलांपासून लपवलेली माझी युक्ती मुलांपुढे मिनिटभरही टिकली नसती. ती फसवू शकली ती फक्त मोठ्या माणसाला, ज्याला वाटतं की स्वस्त वस्तू मोडकीच असणार.

काकी वाडीच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या, चिऱ्यावर बसल्या होत्या. कापलेली पानं मांडीवर होती, ती त्यांनी सोडली नव्हती. घोट्याच्या खाली दोन ठिपके, आणि त्यांतून रक्त निघत होतं, थोडंच, पण थांबत नव्हतं. पलीकडे वाळल्या झावळीत करवत चालवल्यासारखा खरखर आवाज येत होता. मी उजेड तिकडे टाकला. फुरसं होतं. वेटोळं करून अंगाला अंग घासत होतं. एवढंसं. वीतभर उजेड असता तरी दिसलं असतं.

"पानं घ्या आदी," काकी म्हणाल्या.

तेवढ्यात काका आले. शेजारच्यांची गाडी निघाली. काकींना मागच्या सीटवर आडवं केलं, काका त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले, मी पुढे. गाडी श्रीवर्धनच्या वाटेला लागली. मग काकी डोळे मिटूनच म्हणाल्या, "बॅटऱ्या लावून बगितल्या मी. यक पन पेटली न्हाय."

काकांनी मला विचारलं, "नव्या व्हत्या ना वो?"

"स्वस्तातला माल," मी म्हणालो. "दुकानदाराने फसवलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी काकींचं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर उभं ठेवलं. गोठलं तर बरं, म्हणाले. आम्ही त्या नळीकडे बघत बसलो. काका पापणी हलवत नव्हते. डॉक्टरांनी नळी तिरकी केली, आणि रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहून गेलं. मग लस चालू झाली. पहाटेपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. काका बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही जावा सर. पोरं वाट बगत असतील." त्यांना मी नको होतो असं नाही. त्यांना कोणीच नको होतं.

दुपारी त्यांना तिथून अलिबागला हलवलं.

मी वाडीवर परतलो तेव्हा मुलं पडवीत बसली होती. रात्री ताटांतच जेवली होती. नारिंगी टॉर्चची रांग बाकावर लावलेली होती, सगळ्या उघडून पुन्हा बंद केलेल्या.

"सगळ्यांत एक सेल उलटा होता," बायको म्हणाली. "प्रत्येकीत. कारखान्यात असं होतं का रे?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि 'तपासतोय' हा माझा शब्द तिला आठवलेला मला दिसला.

काकी वाचल्या. पण घोट्याखालचं मांस काळं पडलं, ते काढावं लागलं. पाऊल टेकेल, पण चुलीपुढे पूर्वीसारखं तासन्‌तास उभं राहता येईल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. काकांनी हंगामाची सगळी बुकिंगं फोन करून रद्द केली. फोनवर ते प्रत्येकाला तेच सांगत होते, "मालकीण आजारी हाय, औंदा न्हाय जमायचं," आणि पलीकडचा माणूस दुसरं घर सुचवा म्हणाला तर शेजाऱ्याचा नंबरही देत होते. मी शेजारी बसून ते ऐकलं.

अलिबागचा दवाखाना माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ, तरी आत जाऊन खरं सांगायला मी बरेच दिवस लावले. रोज जायचो, डबा द्यायचो, हवापाण्याचं बोलायचो आणि यायचो. एके दिवशी बायको म्हणाली, "आज तू सांग, नाहीतर उद्या मी सांगते." जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून शहाळी घेतली. नारळाच्या वाडीतल्या बाईसाठी, बाजारातून, विकत. काकांनी ती पिशवी हातात घेऊन आत बघितलं आणि ती खाटेखाली ठेवली.

काकी उशीला टेकून बसल्या होत्या. पाय बँडेजमध्ये, एका गादीवर उंच ठेवलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं.

"सर, त्या बॅटऱ्या दुकानदाराला परत केल्याव का?"

"नाही."

"करा की. असला माल ठिवतो म्हंजे काय. उंद्या कोनाचं तरी पोर जाईल अंधारात."

मग मी सांगितलं. आधी गड चढण्यापासून सुरुवात केली, मग पाठपिशवी, मग बटण आपोआप कसं दाबलं जातं, मागच्या वर्षीची भुतं, मुलं सेल कशी उडवतात. सेल उलटा घालण्याची पद्धत जुनी आहे, सगळे करतात, हेही सांगितलं. गाडीत दुकानदाराचं नाव घेतलं ते खोटं होतं, हे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू सांगितलं. काका खिडकीबाहेर बघत राहिले.

काकींनी चादर पायावरून जरा बाजूला सारली, बँडेजकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"मग सेल वाचले का, सर?"