साडूंच्या जिभेवरचा साबुदाणा

आमच्या साडूंइतका जपून बोलणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांना तसं करण्याचं पाप माझं आहे. निफाडच्या या द्राक्षवाल्याच्या जिभेवर जन्मापासून भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फोड आहेत. एखाद्यात रक्त उतरलं की तो काळा पडतो. तीस वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या बागेत उभं राहून ते सहज म्हणाले, "आभाळ बरं नाय, गारा पडतील." संध्याकाळी पडल्या. बाग झोपली. तेव्हा सगळ्यांसमोर मीच ओरडलो, "यांची जीभ बघा, काळी आहे! बोलतात ते खरं होतं!"

त्या दिवसापासून साडूंनी तोंडातून वावगं काढलं नाही. 'नाय', 'गेलं', 'संपलं' हे शब्दच हद्दपार झाले. आपल्यात बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणतात; साडूंनी सगळंच वाढवलं. विंचूरच्या रस्त्यात मोटारसायकल बंद पडली, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करून सांगत होते, "पेट्रोल वाढलंय हो!" लोक "मग आम्हाला काय स्वस्त मिळतंय?" म्हणत पुढे जायचे. एका मयताला तर तिरडीकडे बघून "चेहरा टवटवीत आहे" म्हणाले. माझ्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दिवसभर दवाखान्याच्या जिन्यात "ताई ठणठणीत, ताई ठणठणीत" असा जप चालला होता. शेवटी वॉचमनही तेच पुटपुटू लागला.

गेल्या महिन्यात जीभ सुजली म्हणून त्यांना नाशिकला डॉक्टरांकडे नेलं. "लसिकावाहिन्यांची जन्मजात गाठ आहे. साधी आहे, कॅन्सर नाही. त्रास होत असेल तर काढू." साडूंनी विचारलं, "काढल्यावर बोललेलं खरं व्हायचं थांबंल ना?" डॉक्टर माझ्याकडे बघू लागले.

बाहेर बाकावर बसून मी सांगून टाकलं. "गोडी भरू द्या, आठ दिवस थांबा" असं म्हणून तेव्हा सासऱ्यांची द्राक्षतोडणी मीच लांबवली होती. गारांचा इशारा त्या सकाळी मी रेडिओवर ऐकलाही होता. पण माझा सल्ला चुकला असता, म्हणून गप्प बसलो, आणि नंतर साडूंच्या जिभेकडे बोट केलं.

मी शिव्यांची वाट बघत होतो. साडू हळूच म्हणाले, "म्हंजे माझ्या बोलन्यात काईच नाय?" तीस वर्षांनी त्यांच्या तोंडून 'नाय' ऐकलं. "मग भाऊ, ताई बरी झाली, ती?"

"ती मात्र तुमच्याच बोलण्यानं," मी म्हणालो. हे खरं की खोटं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मग राहू द्या साबुदाना," म्हणत ते उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, शंभर वर्सं जगा." माझी तेवढी लायकी नाही. पण आता ते बोललेत.