एप्रिलातले ओले दोर

माझ्या नातवंडांनो,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की कागदांशिवाय परदेशात राहणाऱ्या माणसाला कोंडून ठेवणं वाईट की परत धाडणं. मी म्हटलं, लिहून कळवते. हात स्थिर आहे तोवर लिहिलेलं बरं.

भिलाईत भट्टी उभी राहत होती तेव्हा तुमचे आजोबा अवजड भाग उचलणाऱ्या टोळीचे फोरमन होते. त्या टोळीत पूर्व पाकिस्तानातून आलेला एक खलाशी होता, म्हणजे दोरांनी अवजड सामान चढवणारा-उतरवणारा, दोरांचा वस्ताद. पासपोर्ट नव्हता, म्हणून पोलिसांनी त्याला चौकीत बसवलं. हुकूम इंग्रजीत, तो वाचायला मला बोलावलं : काम संपेपर्यंत अटकेत ठेवावे, मग सीमेपार पाठवावे.

काम म्हणजे भट्टीशेजारचा सामान चढवायचा उंच लोखंडी खांब उतरवणं. त्याला चहूबाजूंनी ताणलेले दोर याने बांधलेले. आणि खलाशांचा नेम असा, की ज्याची गाठ त्यानेच सोडायची. दुसऱ्याचा हात लागला तर टोळी खाली उभी राहत नाही.

मी हिंदीत समजावलं. तो म्हणाला, "मतलब, गाँठ है तब तक मैं हूँ। दीदी, घरवाली को आठवाँ महीना है।"

त्याची बायको आमच्या मागच्या खोलीत आली. हवालदार रोज त्याला खांबापाशी आणी. ओल्या दोराची गाठ सोडत नाहीत, खांब निसटतो. तो दोर चाचपून म्हणे, "गीला है, साब।"

"इस धूप में गीला?" हवालदार आजोबांना विचारी.

"अंदर से गीला है, हवालदारजी। आपकी वर्दी की तरह।"

घरी मात्र आजोबा मला म्हणत, "रजिस्टरात खोटं लिहून राहिलो मी. पोरगं होऊ दे, मंग पाहू."

मुलगी झाली. चौकीत बसून त्याने दोराचा पाळणा विणला आणि हवालदारासोबत येऊन आमच्या व्हरांड्यातल्या हुकाला बांधला. आता दोर असेच ओले राहतील, असं मला वाटलं.

मग एका दुपारी वावटळ आली. खांब डुलला. खाली टोळी काम करत होती. धूळ बसल्यावर तो स्वतःच म्हणाला, "सूख गया, साब।"

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी उभी होते. जमिनीतल्या खुंट्यांवरच्या गाठी तो एकेक करून सैल करत होता, टोळीला नुसत्या बोटांनी खुणावत होता, आणि एवढं लोखंड त्या बोटांचं ऐकत सावकाश कलत होतं. शेकडो माणसं कुंपणाला टेकून पाहत होती. शेवटच्या गाठीबरोबर आपलं इथलं राहणं सुटणार, हे त्याला ठाऊक होतं. त्या गाठीलाही त्याने पहिलीइतकाच वेळ दिला. लहान मूल निजवावं तसा खांब जमिनीवर टेकला.

संध्याकाळीच तिघांना नेलं. पाळणा सोडायला गाडी थांबली नाही.

तुम्ही कोंडणं की धाडणं, असं विचारलंत. जी कोठडी त्याने इथे राहता यावं म्हणून जपली, ती त्याने आपल्या हाताने सोडली, एवढं मी पाहिलं.

त्या पाळण्यात पुढे तुमचे बाबा निजले. घर बदलताना आम्ही गाठ सोडली नाही, हूकच कापून आणला. पाळणा कधीच विरला. हूक आणि त्यावरची गाठ माझ्या कपाटात आहे.