पाणथरीचा वाटा

पाइपवालीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. सव्वाचारला ती कत्तलखान्याच्या गेटवर असायची आणि साडेचारला तिच्या हातात पाइप असायचा. मी त्याच हॉलमध्ये पलीकडच्या रांगेत, सुरीवाल्यांनी सोडवलेली कातडी ओढायचो. सत्तावीस वर्षं ओढली. कोण कामाला खरं भिडतं आणि कोण नुसतं उभं राहतं, हे मला लांबूनही कळतं. ती भिडायची.

तिचं काम सांगायला सोपं. बकऱ्याचा गळा चिरायचा, आकड्याला अडकवून वर ओढायचं, सोलायचं, ही कामं सुरीवाल्यांची. खाली जे सांडतं ते सगळं तिचं. रक्त, लेंड्या, केस, आतड्यांतली घाण. प्रेशरच्या पाण्यानं ते गटाराकडे लोटायचं. रक्त गार झालं की फरशीला धरतं, म्हणून हात थांबवता येत नाही. पाइप मनगटाएवढा जाड. पाणी सुटलं की खांद्याला धक्के देतो, आणि पकड सैल पडली तर उलटून तोंडावर बसतो. तिच्या आधीच्या पाइपवाल्याचे दोन दात त्यानंच पाडले होते. दिवसाला चारशे बकरी. नवीन माणूस पहिल्या तासात ओकतो. ती पहिल्या दिवशीही ओकली नव्हती.

घरी बारा वर्षांची मुलगी आणि भाड्याची एक खोली. नवरा कुठे, असं कुणी विचारलं की म्हणायची, "वाहून गेला." आणि विचारणाऱ्याच्या पायांवर पाणी सोडायची.

एका सकाळी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पाइप सुटला, आणि वरच्या रुळावरून आकड्याला लटकत येणारं सोललेलं धड तिच्या कपाळावर आदळलं. पाइप मोकळा आपटत फिरला आणि त्याच्या पितळी तोंडानं एका सुरीवाल्याचा गुडघा फोडला. तिला भुवईवर तीन टाके पडले.

"पाय घसरला," ती मुकादमाला म्हणाली.

"घसरलेला माणूस हात टेकतो. तू पोत्यासारखी पडलीस," मुकादम म्हणाला. "एकदा झालं, सोडून देतो. पुन्हा पडलीस तर गेटाबाहेर. इथे आकडे आहेत, सुऱ्या आहेत. मला कुणाचं प्रेत उचलायचं नाही."

पाइप गेला असता तर खोलीही गेली असती. त्याच दुपारी ती सरकारी दवाखान्यात गेली. हिमोग्लोबिन साडेदहा निघालं.

"थोडंच कमी आहे," सिस्टर म्हणाली. "पाळी किती दिवस जाते?"

"सात. कधी आठ."

"मग डॉक्टरांना दाखव. आणि ही जंताची गोळी. या लोहाच्या गोळ्या, रोज एक. डाळी, पालेभाजी, अंडी खायची. जमलं तर कलेजी."

"चारशे बकऱ्यांच्या मधे उभी असते मी, सिस्टर. पण एकही घरी येत नाही माझ्या."

गोळ्या तिनं एक दिवसही चुकवल्या नाहीत. सहा वाजता चहाची सुट्टी व्हायची तेव्हा घ्यायची. आमच्या हॉलमध्ये सुट्टीत पाणी कुणी पीत नाही. नळ हॉलमध्येच, आणि नाकातोंडात रक्ताचा वास बसलेला असतो, त्यामुळे पाणी तसंच लागतं. म्हणून मोठ्या पिंपात काळा, कडू होईपर्यंत उकळलेला चहा असायचा. फुकट, हवा तेवढा. जो तो तीन-तीन ग्लास रिचवायचा, आणि ज्याची जी गोळी असेल ती त्याच चहाबरोबर गिळायचा. तीही तेच करायची.

दीड महिना असा गेला. या काळात ती दोनदा पडता पडता वाचली. मी पाहत होतो. गटाराच्या कडेला एक पाय रुतवून, दातावर दात धरून उभी राहायची. घाम भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेवरून डोळ्यात उतरायचा, पण ती पाइप सोडायची नाही. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा आकडा होता तिथेच होता.

"गोळी कशाबरोबर घेतेस?" सिस्टरनं विचारलं.

"चहाबरोबर. सगळेच घेतात."

सिस्टरनं कपाळाला हात लावला. "अगं, चहा ते लोह अंगाला लागूच देत नाही. दीड महिना माझ्या गोळ्या गटारात घातल्यास की. उपाशीपोटी घे. पाण्यात लिंबू पिळ आणि त्याबरोबर घे. चहा दोन तासांनी. जेवणावर तर नकोच."

त्या दिवसापासून ती घरून लिंबूपाणी आणायला लागली. कलेजी परवडत नव्हती. पण पाणथरी, म्हणजे प्लीहा, होती. प्रत्येक बकऱ्याच्या पोटातून तळहाताएवढी काळपट पाणथरी निघते. तिच्यात रक्त भरलेलं असतं. बाजारात तिला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो सुरीवाल्यांचा वाटा, पहिल्यापासून. ते काय करायचे? दाढी म्हणून त्यांचा म्होरक्या होता, त्याची दोन कुत्री गेटवर असायची. सगळा वाटा त्यांच्या घमेल्यात पडायचा.

तिनं रीतसर मागितली. "रोज दोन पाणथऱ्या द्या. डॉक्टरांनी तपासून शिक्का मारलेल्या बकऱ्याच्या."

दाढी म्हणाला, "माझं काही नाही. कुत्र्यांना विचार."

सुरीवाले हसले. काम सुटल्यावर ती गेटवर गेली आणि कुत्र्यांच्या घमेल्यातून दोन उचलल्या. एका कुत्र्यानं तिच्या हाताचा लचका तोडला. तिनं त्याच्या बरगडीत लाथ घातली आणि पाणथऱ्या घेऊन थेट दवाखाना गाठला. इंजेक्शन घेतलं, घरी जाऊन पाणथऱ्या धुतल्या, चांगल्या उकळल्या, कांद्यावर परतल्या, वर लिंबू पिळलं. अर्ध्या मुलीला दिल्या, अर्ध्या स्वतः खाल्ल्या. गरम गरम, मुलीच्या जोडीला बसून. एरवी ती पातेल्यात उरेल तेवढंच खायची.

दुसऱ्या दिवशी दाढीनं मागून येऊन तिच्या गुडघ्याच्या लवणीत लाथ घातली. ती गुडघ्यांवर आपटली.

"मुकादम," दाढी ओरडला, "ही बघा, पुन्हा पडली."

काय चाललंय ते तिला कळलं. दोन पाणथऱ्यांसाठी तो तिची भाकरी काढायला निघाला होता. ती उठली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि पाण्याचा फटका त्याच्या तोंडावर मारला. तो मागे कोसळला. हातात सुरी होती. पडताना डावा तळवा त्या सुरीवरच आला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उघडला. त्याचं रक्त बकऱ्यांच्या रक्तात मिसळून गटाराकडे चाललं. तरी तो उठला. उजव्या हाताच्या बुक्कीनं त्यानं तिचं नाक मोडलं. तिनं पाइपचं पितळी तोंड त्याच्या जबड्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या जागेवरून ऐकला. चौघांनी ओढलं तेव्हा ती दोघं सुटली.

मुकादमानं एकच विचारलं, "ही पडली की नाही?"

सुरीवाले आपापल्या बकऱ्याकडे वळले. मला त्यांच्याबरोबर रोज काम करायचं होतं. मी म्हणालो, "त्यानं मागून लाथ मारली. मी बघितली. त्या लाथेनं बैलही बसला असता."

"कुणी बोलायला लावलं तुला?" एक सुरीवाला म्हणाला.

"मुकादमानं," मी म्हणालो. त्या संध्याकाळी गेटाबाहेर तिघांनी मला बदडलं. दोन बरगड्या गेल्या. त्याबद्दल अजून काही लिहिण्यासारखं नाही.

दाढी आणि पाइपवाली, दोघांना आठ-आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं. दाढीची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. जबडा तारेनं बांधलेल्या अवस्थेत त्याला काट्यावर बसवलं, वजनं घ्यायला. पाइपवाली नाकावर पट्टी लावून परत आली. त्या दिवशी शेवटच्या बकऱ्यानंतर सुरीवाल्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं दोन पाणथऱ्या तिच्या डब्यात टाकल्या. वर बघितलंही नाही. मग रोजच पडायला लागल्या.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं. तिनं दवाखान्याचा कागद मुकादमाच्या पुढ्यात ठेवला.

"बरं झालं. पाइप तुझाच," तो म्हणाला.

"पाइप नको. दाढीची जागा रिकामी आहे."

"सुरी धरलीयेस कधी?"

"चार वर्षं समोरून बघतेय."

"सुऱ्या स्वतःच्या लागतात इथे. कत्तलखाना देत नाही."

"माहीत आहे."

मुकादमानं जागा सहा महिने भरली नाही. त्या सहा महिन्यांच्या पगारातून तिनं तीन सुऱ्या घेतल्या. एक गळ्याची, एक सोलायची, एक हाडाची. धार लावायची सळई घेतली, आणि डाव्या हातासाठी तारेच्या जाळीचा मोजा. दाढीनं तो कधीच घेतला नव्हता. पहिल्या दिवशी तिनं अठरा बकरी सोलली. कातडी माझ्याकडेच आली. दोन कातड्यांना सुरीचा छेद होता, सोळा साफ.