लगीन नाय तर गानं नाय

शेकडो गाणी तोंडपाठ असलेली ही बाई कधी एक ओळसुद्धा गुणगुणायची नाही. भाजी निवडताना नाही, भांडी घासताना नाही, नातीची वेणी घालताना तर नाहीच. नायगावच्या खाडीकडच्या तिच्या गावात तिला सगळे धवलारीण मावशी म्हणत. तिथल्या शेतकरी घरांतल्या लग्नात मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणत लग्न लावणारी ती धवलारीण. कोणी सहज म्हटलं, "मावशी, एखादा म्हणून दाखव ना," की ती डोळे मोठे करून विचारायची, "कोनाचं लगीन हाय?" कोणाचंच नसेल तर विषय तिथेच संपायचा.

आणि आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. मी तेव्हा कॉलेजात मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट होता म्युझिक व्हिडिओचा. गाणं आपल्या भागातलं हवं, आपणच शोधलेलं हवं, आणि सोबत रिसर्चची जाडजूड फाइल हवी. ग्रुप तिघांचा. मी जवळच्याच वटार गावची, केळीच्या वाडीत वाढलेली. कॅमेरा स्वप्नीलकडे, एडिटिंग जेनिफरकडे. मावशी स्वप्नीलच्या आजोळची शेजारीण, म्हणून तिचा पत्ता लागला. मी मोठ्या हौसेने रंगीत पेनांनी तक्ता केला: जूनपासून रिसर्च, सप्टेंबरात शूटिंग, दिवाळीआधी सबमिशन. त्यात सगळं होतं, फक्त पंचांग नव्हतं. चातुर्मासात लग्नं लागत नाहीत ही गोष्ट तिघांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरली नाही. जेनिफरचं एक वेळ ठीक आहे हो, पण आम्ही दोघं? आमच्या आयांनी कपाळावर हात मारून घेतला.

पहिल्या रविवारी मी वीस प्रश्न छापून नेले होते. मावशीने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने मोड आलेल्या वालांचं भांडं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "रिकाम्या हातानं बसलीस तर मी काय नाय सांगनार." मग दर रविवारी मी वाल सोल, सुकट निवड, लसणीच्या पाकळ्या काढ, असं करत मधूनमधून हात पुसून लिहून घ्यायची. फोन दिसला की ती म्हणायची, "त्याला झोपव आधी." मी तो मुकाट्याने उलटा ठेवायची.

धवले तिने मला सगळे सांगितले. गायले नाहीत, सांगितले. वाण्याकडची यादी सांगावी तशा सपाट आवाजात. "बोलायला हरकत नाय, गायला हाय," हा तिचा कायदा. मध्येच थांबून ती बजावायची, "इथं नवरीच्या मामाचं नाव घ्यायचं." मी विचारलं, "मामाच नसला तर?" "मग गावातला एक मामा मानायचा. पन नाव गाळायचं नाय. पोरीला वाटलं पायजे, आपलं मानूस उभं हाय." हे सांगताना तिचा आवाज एकदम मऊ झाला. तिला स्वतःला मामा नव्हता, हे मला पुढे तिच्या सुनेने सांगितलं.

डीजेवर मात्र तिचा भारी राग. अलीकडे कितीतरी घरांत तिला नुसतं जेवायला बोलवायचे. ती जायची, जेवायची, आहेर द्यायची आणि परत येऊन सुनेला म्हणायची, "त्यो डीजेवाला नवरीला हळद लावतो का गो?" सून हसायची. मावशी हसायची नाही. तिच्यामागे हे कोण म्हणणार, हा घोर तिला होता. तिच्या सुनेला गळा नव्हता आणि नात तेव्हा दहावीला होती.

शेवटी आम्ही एक अक्कलहुशारी केली. लग्न नाही ना? मग आपणच उभं करू! स्वप्नीलच्या आजोळच्या अंगणात मांडव घातला, आंब्याचे टहाळे बांधले, जेनिफरला हिरवं लुगडं नेसवलं, मुंडावळ्या बांधल्या. नवरदेव कोणी मिळेना म्हणून स्वप्नील स्वतःच पाटावर बसला आणि कॅमेरा माझ्या हातात आला. मावशीला सांगितलं, "शूटिंग आहे, ये." ती ठेवणीतलं लुगडं नेसून, नथ घालून आली. मांडव बघून खूश झाली. पाटासमोर बसली, पदर सारखा केला, घसा खाकरला. मी कॅमेरा सुरू केला. इतक्या रविवारांनंतर आता सूर ऐकायला मिळणार होता.

तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग जेनिफरला विचारलं, "तुझ्या आयशीला म्हायती हाय का?" जेनिफर म्हणाली, "काय माहिती आहे का?" "ह्येच, की तुझं लगीन लागतंय." आम्ही हसायला लागलो. मावशी कळवळून म्हणाली, "हसताय काय? माझ्या धवल्यानं गावातली निम्मी लग्नं लागलीत. मी गायले की लगीन लागलं. मग तुमचं कटबिट चालत नाय. ही चर्चमधी जानारी पोर, हिला अशी मस्करीत ह्याच्या गळ्यात बांधू? उद्या तिचा फादर माझ्या दारात आला तर काय तोंड दाखवू?" स्वप्नील पाटावरून असा उठला की मुंडावळ्या खांबाला अडकून तुटल्या. जेनिफर पार गोरीमोरी. मावशीने स्वतः तिच्या मुंडावळ्या सोडल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुळशीच्या लगनाला या. ते खरं लगीन. तवा गाईन."

तुळशीचं लग्न दिवाळीनंतर, सबमिशन दिवाळीआधी. आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. स्वप्नीलचं म्हणणं सरळ होतं: शब्द आपल्याकडे आहेत, नालासोपाऱ्याच्या एखाद्या गायिकेकडून स्टुडिओत गाऊन घेऊ. खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. पण तिने ते शब्द मला ज्या विश्वासाने दिले होते, तो मोडायची हिंमत मला झाली नाही. मी सरांकडे मुदत मागितली. सर म्हणाले, "उशीर झाला तर मार्क कापावे लागतील." कापले. स्वप्नील महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

तुळशीच्या लग्नाला संध्याकाळी आम्ही तिच्या अंगणात गेलो. वृंदावनाला नवा रंग दिला होता, उसाचा मांडव होता. मावशी गायला लागली आणि मी बघतच राहिले. ती रविवारची यादी हीच का? खरखरीत, उंच, जरा नाकातला आवाज, पण त्या आवाजाने गावचे देव, खाडी, मिठागरं, मामे, मावश्या, सगळ्यांना एकेक करून मांडवात बोलावलं. स्वप्नील कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होता. ती तासाभरावर गात राहिली. आम्ही त्यातली चार मिनिटं घेतली. तयार व्हिडिओ तिला दाखवला तेव्हा तिने तो दोनदा पाहिला आणि माझा कान धरून म्हणाली, "अर्धंच लगीन लावलंस गो, चोरटे!"

पुढे मी नोकरीला लागले. वर्षातून एखाददा जायची, वाल सोलून यायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. थोड्या दिवसांचं दुखणं, मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. आणि फेब्रुवारीत तिच्या सुनेचा फोन आला, "ताई, पोरीचं लगीन ठरलंय. धवला म्हनायला कोन नाय. शब्द तुझ्याकडंच हायेत."

मी वटारची, दुसऱ्या समाजाची, गळा यथातथाच. पण नाही म्हणायला जीभ वळेना. हळदीला मी पाटासमोर बसले आणि सुरुवात केली. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. दुसऱ्याच्या मध्यावर नवरीकडे लक्ष गेलं, तिचं नाक, तिची हनुवटी हुबेहूब मावशीची, आणि मी अडले. पुढची ओळ काही केल्या आठवेना. तेवढ्यात मागून, भिंतीशी टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांमधून, कोणीतरी ती ओळ उचलली. मग दुसरीने, मग पाच-सहा जणींनी. सगळ्यांना येत होतं! इतकी वर्षं सगळ्यांना येत होतं. मावशी आहे म्हणून कोणी तोंड उघडलं नव्हतं, आणि ती गेल्यावर पहिली सुरुवात करायला कोणी धजलं नव्हतं. हे तिला कळायला हवं होतं हो. ज्या घोरात ती शेवटची वर्षं जगली, त्याचं उत्तर तिच्याच शेजारणींच्या ओठांवर गाणं होऊन बसलं होतं. मला हुंदका फुटला. शेजारच्या म्हातारीने मला कोपराने ढोसलं, "रड नंतर, मामाचं नाव घे." मी डोळे पुसले आणि मामाचं नाव घेतलं.