मुदतीच्या सात वर्षं आधी

१९५८ च्या जूनमध्ये मी पुण्याहून अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवायला आले आणि जुन्या शहरात कौशल्याबाई गावंड्यांच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "लग्न काहून नाई केलं तुमी?"

मी वळकटी सोडायला लागले.

"बरं, नका सांगू. नळ सकायी साडेपाचले येते, तेवढं ध्यानात ठेवा."

पुण्यात कोणी असं विचारलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी सामान बांधलं असतं. इथे मी सोळा वर्षं राहिले.

कौशल्याबाई अंजनगाव सुर्जीकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा हिवतापानं गेला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. दिरांच्या घरात आयुष्य काढायचं त्यांना पटेना. भावाला सोबत घेऊन त्या अमरावतीला गेल्या, तिथल्या दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकल्या आणि अकोल्याला नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागल्या. पुढे छप्पन साली एका घरबांधणी सोसायटीकडून चार हजारांचं कर्ज काढून त्यांनी तीन खोल्या बांधल्या. मुदत पंधरा वर्षांची, हप्ता पस्तीस रुपयांचा. तोवर घर सोसायटीकडे गहाण. याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "पगार येते, हप्ता जाते," एवढंच म्हणायच्या.

त्यांच्या मनानं वेगळं घेतलं ते मी आले त्याच श्रावणात. चार दिवस पाऊस लागून राहिला होता आणि मोर्णा नदीचं पाणी पुलावर चढलं होतं. नदीपलीकडची माझी शाळा लवकर सोडली म्हणून मी आधीच अलीकडे आले होते. दुपारी शेजारच्या पार्वताबाई धावत आल्या. त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, आणि बैलगाडी पुलापाशी येऊन अडकली होती. प्रसूतिगृह पलीकडे. समोर दिसत होतं, पण जायचं कसं?

कौशल्याबाई पिशवी घेऊन निघाल्या. "तुमी पण चला, छत्री घ्या," मला म्हणाल्या. गाडीच्या मागे दोन बायांनी लुगडं ताणून धरलं, मी छत्री धरली, आणि त्या भिजल्या गाडीत मूल जन्माला आलं. मुलगी होती. ती चांगली ठणठणीत रडली, तेव्हा बैलसुद्धा बिचकले. सगळे हसले. कौशल्याबाई मात्र हसल्या नाहीत.

घरी येऊन केस पुसत म्हणाल्या, "आज नशीब चांगलं होतं. दरवेळी राहत नाई. माह्या समोरच्या खोलीत दोन खाटा टाकल्या, तर या काठावरच्या बायांले पूल पाहाची गरज नाई."

दुसऱ्याच आठवड्यात त्या सोसायटीत परवानगी मागायला गेल्या. मीही गेले होते. सेक्रेटरी चिंतामणराव सज्जन माणूस, पण नियमाचे पक्के. त्यांनी गहाणखत काढून कलम दाखवलं. घर गहाण असेतो त्यात राहण्याखेरीज दुसरा कोणताही उपयोग करता येणार नाही.

"गहाण कधी सुटते?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"एकाहत्तर सालच्या जुलैत."

"तेरा वर्षं! तोवर पोरं थांबतीन का?"

चिंतामणरावांनी गहाणखताची एक नक्कल त्यांच्या हातात ठेवली.

त्या संध्याकाळी मी ती नक्कल त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली. चौथ्या पानावर एक वाक्य होतं. कर्जदारानं हप्त्यापेक्षा जास्त रक्कम भरल्यास ती मुद्दलात जमा होईल. त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं.

"म्हणजे मी जास्त भरलं, तर व्याज कमी?"

"आणि मुदतही."

"मंग आपल्याले हे कोणी सांगितलं कसं नाई?"

"कोणी विचारलं नसेल," मी म्हटलं.

माझं वीस रुपये भाडं त्यांनी त्या महिन्यापासून थेट सोसायटीत भरायला सुरुवात केली. सुटीच्या दिवशी जठारपेठेत पांढरपेशांच्या घरी बाळंतिणींना न्हाऊ घालायच्या, त्याचे दहा रुपये तिकडेच. हप्ता धरून पासष्ट. भाऊ नत्थुजी आले की चिडवायचे, "लोक सोसायटीले पैसे देत नाई, अन् तू न मागता देऊन राहिली!" एकसष्टच्या उन्हाळ्यात कौशल्याबाईंना कावीळ झाली. दोन महिने जास्तीचं काही भरता आलं नाही. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्या मला खचलेल्या दिसल्या. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "बाई, मी उगाच हट्ट करून राहिली का वं?" मी सोसायटीत जाऊन बाकी विचारून आले आणि आकडा सांगितला. कर्ज निम्म्यावर आलं होतं. त्या उठून बसल्या आणि मुगाची खिचडी मागितली.

चौसष्टच्या संक्रांतीनंतर शेवटची रक्कम भरली. चिंतामणरावांनी कागद उलटसुलट पाहिले आणि चष्मा काढला. "बाई, इथं लोक मुदत वाढवून मागायला येतात. मुदतीआधी आलेल्या तुम्ही पहिल्याच." व्याजाचे अकराशेच्या वर रुपये वाचले होते. तो आकडा ऐकून कौशल्याबाई म्हणाल्या, "चार खाटा येतीन."

कर्ज पुरतं फिटल्याचा, बेबाकीचा दाखला हातात आला तेव्हा त्या जिन्यातच थांबल्या. मला वाटलं, पाय दुखतायत. त्या रडत होत्या.

मला वाटायचं, पैसे वाचले हाच मोठा लाभ. खरा लाभ पुढच्या महिन्यात कळला. हप्ता राहिला नव्हता, म्हणून पगाराचा धाकही राहिला नव्हता. अठरा वर्षांची नोकरी त्यांनी सोडली. कशी सोडलीत, भीती नाही वाटली? असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "घर माह्यं, पोट एकटीचं. भेवाचं काहून?" समोरच्या खोलीला चुना दिला, खाटा आल्या, अडल्या वेळी बोलावलं तर यायचं पलीकडच्या डॉक्टरीणबाईंनी कबूल केलं. त्या पावसाळ्यात पूल दोनदा बुडाला. खोलीत सात बाळंतपणं झाली आणि सातही बाया आपल्या पायांनी घरी गेल्या. ज्याला जमेल त्यानं पैसे दिले, कोणी ज्वारी दिली, कोणी नुसतेच पेढे.

अडुसष्टच्या मे महिन्यात आम्ही दोघी चिखलदऱ्याला गेलो. आयुष्यातली त्यांची ही पहिली सुटी. सकाळी धुकं होतं, आणि कौशल्याबाई चक्क नऊ वाजेपर्यंत झोपल्या. उठून विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून दोन कप चहा प्याल्या, पाय खुर्चीवर घेतले, म्हणाल्या, "आता आठ दिवस मी कोणाच्याच हाकेले जाणार नाई." तेवढ्यात तिथल्या खानसाम्याची सून पाण्याची कळशी घेऊन अंगणातून गेली. कौशल्याबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, पाय खाली घेतले आणि हाक मारली.

"अवो पोरी, ते कळशी ठेव आधी. कितवा महिना हाय तुले?"