बाबाराव आणि सरड्याची पेटी

बाबाराव सुतार लाकूड आधी हुंगायचे. फळीचा थोडा भुसा पाडायचे, चहाच्या डब्यात घालून झाकण लावायचे आणि डबा दुपारभर उन्हात ठेवायचे. मग झाकण उघडून त्यात नाक घालायचे. गल्ली हसायची. मीही हसले होते.

माझ्या नातीने, प्रज्ञाने, सरडा पाळला होता. परदेशी, रीतसर कागदपत्रांचा, हातभर लांब, गळ्याखाली काटे. मी त्याच्या काचेपुढून भिंतीला चिकटून जायचे. पण तिची आई वारल्यापासून पोरगी घरात बोलायची ती त्याच्याशीच. तो मेला तर पोरीचं काय, ही भीती मला त्याच्या काट्यांपेक्षा मोठी होती.

काचेची पेटी त्याला लहान पडू लागली. प्रज्ञाने कळमेश्वरच्या कारखान्यातल्या खोक्यांच्या फळ्या आणल्या आणि शेजारच्या बाबारावांना मोठी पेटी करायला सांगितली. त्यांनी डबा उघडून हुंगला आणि फळ्या परत केल्या.

"चीडाचं लाकूड हाये हे, पाइन म्हणतेत ते. आत दिवा लागन, लाकूड तापन, वास सोडन. वरून कारखान्यात याले कोणतं औषध मारलं, कोणाले ठाऊक? आपल्याले वास आला त आपण खिडकी उघडतो. हा कुठी जाईन?"

त्यांनी स्वतःच्या घरातलं शिवणीच्या लाकडाचं जुनं, बिनरंगाचं कपाट मोडलं. वॉर्निश पाण्यात मिसळणारंच घेतलं, तीन पातळ हात दिले आणि पेटी महिनाभर आमच्या अंगणात उघडी ठेवली. प्रज्ञाने घाई केली की म्हणायचे, "वरून वाळलं म्हणजे वाळलं नाही, पोरी."

महिना संपत आला तेव्हा मला भिंतीवर वाळवीची माती दिसली. आमच्या वस्तीत नवं लाकूड घरात आलं की त्याला वाळवीचं औषध लागतंच. माझ्या पलंगाला लागलं, धान्याच्या पेटीला लागलं, बुद्धाच्या मूर्तीखालच्या पाटालाही लागलं. बाटली घरात होती. मी पेटीच्या बुडाला आतून-बाहेरून दोन हात मारले. कोणाला सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय?

चार दिवसांत वास गेला. पाचव्या दिवशी सरडा आत गेला. सहाव्या दिवशी दुपारी पाहिलं तर तो पोट टेकून पडलेला, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. प्रज्ञा ऑफिसात. मी बाबारावांना हाक मारली.

त्यांनी पेटीत नाक घातलं. "काय लावलं वं?"

मी सांगितलं.

"मले विचारलं काहून नाही?"

"वाळवी होती जी."

"काढ त्याले बाहेर."

"तुम्हीच काढा जी. मले भेव वाटते."

"मलेही वाटते ना! मी सुतार हाओ, सरडेवाला नाही. औषध तू लावलं, काढशीनही तूच."

मी हाताला पदर गुंडाळला आणि हात आत घातला. उचलला तर सरडा नुसता लोंबला. चावला असता तर बरं वाटलं असतं.

बाबारावांनी प्रज्ञाला फोन लावला. मला वाटलं तेच सांगतील. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

प्रज्ञा आली आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. जगेल की नाही, ते तीन दिवसांत कळेल, असं डॉक्टरने सांगितलं. ते तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या चपलांचा आवाज ऐकला तरी दचकायचे. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आजी, भोपळा खाल्ला त्यानं." मी भांडी घासत होते, घासतच राहिले.

बाबाराव पेटी कापायला आले. मी म्हटलं, कापता कशाला, धान्याला ठेवते.

"तू सरड्यापेक्षा सस्ती हायेस काय वं?" म्हणाले आणि करवत चालवली. तुकडे चुलीतही घालू दिले नाहीत. "जाळशीन त धुरातून तेच खाशीन."

दुसरी पेटी त्यांनी पुन्हा महिनाभर वाळवली. सरडा तिच्यात आहे. बाबाराव गेल्या उन्हाळ्यात गेले.

परवा सकाळी पेटीखाली मुंग्यांची रांग लागली. मुंग्या मारायचा खडू माझ्या हातात होता. विचारायला शेजारी कोणी नव्हतं. संध्याकाळी प्रज्ञा घरी आली तेव्हा मी खडू घेऊन पेटीसमोर बसले होते.

"काय झालं, आजी?" ती घाबरून म्हणाली.

"मुंग्या आल्या," मी म्हटलं. "खडू ओढू का?"