नाव असलेलं दुखणं

चष्मेबाईंचा हिशेब सरळ होता: नाव पडलं की दोष आला. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात त्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. तिथे येणाऱ्या प्रत्येक डोळ्याच्या दोषाला नाव होतं, नंबर होता. चांगल्या डोळ्याला कुठलं आलंय नाव? चांगला डोळा दुकानाची पायरी चढतोच कशाला?

म्हणूनच लेकीच्या पोटदुखीला डॉक्टरीणबाईंनी नाव दिलं, तेव्हा चष्मेबाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

लेकीला घरात सगळे खारू म्हणत, कारण ती चालायची नाही, खारीसारखी सुटायची. रविवारी तिची चारशे मीटरची शर्यत होती. आणि त्याच आठवड्यात ती सरावाहून आली ती पोटाची उजवी बाजू दाबून धरत. गेल्या महिन्यातही असंच झालं होतं, फक्त डावीकडे. बाईंच्या डोळ्यांपुढे अपेंडिक्स, ऑपरेशन, टाके, सगळं एका रांगेत उभं राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, सोनोग्राफी पाहिली आणि हसून म्हणाल्या, "मिटलश्मर्झ. जर्मन शब्द आहे. आजार नाही, घाबरू नका. पळू दे तिला."

घाबरू नका म्हटल्यावर बाई जास्तच घाबरल्या. पुढचं सगळं त्यांच्या कानांवरून वाऱ्यासारखं गेलं. चिठ्ठीवर औषध नव्हतंच. होता तो एवढा एकच लांबलचक शब्द.

संध्याकाळी नवरा किल्ल्यांचं दुकान बंद करून आला. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"मिटल... शमर्झ."

"शमलं? मग बरंच झालं की!"

"अहो, चेष्टा सुचते तुम्हाला? जर्मन आहे ते."

"परदेशी आजार?" सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "अगं, पण आपल्या घरातलं कोण कधी परदेशात गेलंय?"

"आजार नाही म्हणतात."

"आजार नाही, मग नाव कशाला?" नवऱ्याने चिठ्ठी उजेडात धरली. "आणि केवढं हे! एवढ्या दात्यांची किल्ली मी उभ्या जन्मात कापली नाही."

"तेच तर मी म्हणते! काही नसतं तर काही नाही असंच लिहिलं असतं ना? ते काही नाही. रविवारी पळायचं नाही."

"आई!" खारू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी होते ना तिथे. मला विचार की." तिने बाबांच्या हातातून चिठ्ठी ओढली. "हे बघ. एस, सी, एच एकत्र आले की नुसता श. शेवटी झेड दिसतो, पण जर्मन लोक तिथे त्स म्हणतात. मिटल-श्मेर्त्स. मी मोबाइलवर ऐकलं. मिटल म्हणजे मधलं, श्मेर्त्स म्हणजे दुखणं."

"कशाच्या मधलं?" बाबांनी विचारलं.

बाईंनी डोळे वटारले, पण खारू सुटली ती सुटली. "दोन पाळ्यांच्या, बाबा. मध्ये बीज बाहेर पडतं ना, तेव्हा काहीजणींना एका बाजूला दुखतं. मग आपोआप थांबतं."

जर्मन शब्दाचं राहू द्या, पाळी हा साधा घरचा शब्दही त्या घरात पुरुषमाणसासमोर कधी कुणी काढला नव्हता. बाबा खिशात काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागले.

"म्हणजे मला व्हायचं ते?" सासूबाई उठून बसल्या.

"तुम्हाला?"

"कधी या कुशीत, कधी त्या. तुझे सासरे म्हणायचे, काम दिसलं की हिचं दुखतं. डॉक्टरकडे जाऊन तरी काय सांगणार? नावच नव्हतं त्याला."

नवी सून असताना चष्मेबाईही अशाच कूस धरून ओट्याशी उभ्या राहायच्या, आणि याच सासूबाई म्हणायच्या, "आम्हाला नाही हो असलं काही झालं." बाईंनी तोंड उघडण्याआधीच सासूबाईंनी नजर खिडकीकडे वळवली. "मला जे ऐकवलं, तेच तुला ऐकवलं. दुसरं काही येतच नव्हतं गं."

आता मात्र बाईंचा हिशेब पार कोलमडला. नाव आहे, पण दोष नाही. नाव नव्हतं, तेव्हा दुखत होतं, पण कुणाला पटत नव्हतं. मग तिघी आजारी होत्या की तिघीही धडधाकट? चांगल्या डोळ्याला नंबरचा चष्मा लावल्यासारखं त्यांना गरगरायला लागलं.

"मग पळू ना?" खारूने विचारलं.

"आणि दुखलं तर?"

"दुखलं तर थांबेन. तुला सांगेन."

नवरा जमिनीकडे बघत पुटपुटला, "नाव जर्मन असलं तरी पाय तिचेच आहेत."

रविवारी बाई मैदानाच्या कुंपणाशी उभ्या होत्या. भर उन्हात पर्समध्ये गरम पाण्याची पिशवी! अर्ध्या वाटेत खारूचा हात कमरेकडे गेला आणि बाईंनी पिशवी बाहेर काढलीच. पण लेक चड्डीची नाडी सारखी करत होती. चौथी आली.

"दुखलं?"

"नाही गं. पण ही पिशवी कशाला?"

बाईंनी ती घाईने परत पर्समध्ये कोंबली. त्यांच्या जिवाला अजूनही काही नक्की कळलं नव्हतं.

"आण ती इकडे," बाकावरून सासूबाई म्हणाल्या. "माझी कंबर धरलीय. याला मात्र नाव नको हं शोधायला, हे म्हातारपण आहे."

बाई पिशवी घेऊन शेजारी बसल्या. "कुठली बाजू?" त्यांनी काळजीने विचारलं. "डावी की उजवी?"